जीपच्या मागची बिननंबरी मोटारसायकल

पोलीस खात्यातल्या माझ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी मला एखादी केस सांगा म्हटलं, की मला आधी आठवते ती एक चोरीला गेलेली मोटारसायकल. तिला नंबर नव्हता, कागद नव्हते, पुढचा दिवासुद्धा नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ती गाडीच नव्हती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपूर शहराच्या उत्तरेकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका बुधवारी सकाळी ठाण्यात आलो, तेव्हा बाहेरच्या बाकावर तिशीतली एक बाई बसलेली दिसली. मला पाहताच ती उठली.

"साहेब, काल संध्याकाळी आली होती मी. तुमचा मानूस म्हणे, गाडीचे कागद आन, मंग लिहितो. कागदच नाही तं आनू कुठून?"

मी ठाणे अंमलदाराकडे पाहिलं. तो जुना हवालदार, माणूस चांगला, पण नियमाला चिकटलेला. म्हणाला, "सर, विदाउट नंबर गाडी आहे. चोरी लिहायची कोणाची?"

बाईला आत बोलावलं आणि सगळं विचारलं. तिचा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर फिटर होता. मूळचे शेतकरी घरातले. गावी थोडी जमीन, ती भाऊ वाहत होता. या गड्याला मोटारसायकलच्या शर्यतींचं वेड. डांबरी रस्त्यावरच्या नव्हे. माळावर, मातीच्या ढिगांवरून उड्या मारत जायच्या शर्यती. त्याने दोन वर्षं खपून भंगारातल्या एका टू-स्ट्रोक गाडीची असली मातीत पळणारी गाडी तयार केली होती. येत्या रविवारी शहराबाहेरच्या माळावर मोठी शर्यत होती. पुण्याच्या एका कारखान्याची माणसं तिथे चालक निवडायला येणार होती.

"निवड झाली तं पक्की नोकरी हाये साहेब. ठेकेदाराचं काम पुढच्या महिन्यात सरून राहिलं. मंग कुठं जावाचं आमी?"

ती शिवणकाम करायची. मंगळवारी दुपारी ती कापड आणायला गांधीबागेत गेली, नवरा कामावर. बसने परत आली तर मागच्या पत्र्याच्या छपरीतली साखळी तोडलेली आणि गाडी गायब.

मी फिर्याद लिहून घेतली. चेसिसवर जे अर्धवट आकडे होते, ते तिने सोबत आणलेल्या नवऱ्याच्या वहीतून उतरवले. मग मी, अंमलदार हवालदार आणि ती, असे जीपने कोराडीला गेलो.

तिथे मला पहिला धक्का बसला. घरापुढच्या कच्च्या रस्त्यावर राखेचा मऊ थर असायचा. कोळशाचे ट्रक आणि वारा यांची कृपा. त्या रस्त्यावर ओळीने चार घमेली पालथी घातलेली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"चाकाचे निशान हायेत खाली. कालपासून कोनाले पाय ठेवू नाही देला म्या. तुमी नसते आले तं उद्या पुन्हा येनार होती ठाण्यात."

एकेक घमेलं उचललं. छपरीपासून फाटकापर्यंत गाठीगाठीच्या टायरचा स्पष्ट ठसा होता. फाटकाबाहेर दोन पावलांवर तो संपला होता. पुढे एका फळीच्या टोकाची चौकोनी खूण, दोन माणसांचे बूट, आणि तिथून निघालेले जीपचे टायर. बस्स.

हवालदार उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "सर, गाडी चालवत नाही नेली. उचलून नेली. पण जीपमधी अशी गाडी मावत नाही. हँडल काढा, चाक काढा, अर्धा तास लागते."

"मग?"

"मागं टांगली असंन. ट्रेलर ओढाचा हूक असते ना जीपले, त्याच्यावर."

तोपर्यंत मी असं कधी पाहिलं नव्हतं. नाकाबंदीत आम्ही मोटारसायकल चालवणाऱ्याला थांबवत होतो, कागद मागत होतो. जीपला बांधून चाललेली मोटारसायकल कोणी अडवली असती? बिघडलेली असेल, म्हणून सोडून दिली असती. चोराने आमच्या सवयीचा नेमका अभ्यास केला होता.

हवालदाराच्या मनाला आदल्या संध्याकाळची चूक लागली असावी. त्याने त्या दिवशी स्वतःहून शहरभरातले पेट्रोल पंप आणि पंक्चरची दुकानं पालथी घातली आणि अशी जीप दिसली असेल तर कळवा, असा निरोप सगळीकडे ठेवला. त्याचा हिशेब साधा होता. एवढं वजन मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असेल, तर टायरवर ताण येणार.

गुरुवारी दुपारी दक्षिणेकडून, बेसा गावाच्या फाट्यावरून, एका पंक्चरवाल्याने फोन केला. बेसा तेव्हा खेडंच होतं. आम्ही गेलो. माणूस अघळपघळ.

"मंगळवारी चारच्या सुमारास जीप आली साहेब. मागचा टायर बसला होता. मागं लोखंडी कॅरिअर, त्याच्यावर गाडी उभी, वरून ताडपत्री. मी म्हटलं, गाडी उतरवा पहिले, मंग जॅक लावतो. तं मालक भडकला ना! बोलला, 'हाथ मत लगाना.' काहून गा भाऊ, सोन्याची हाये का?"

"टायर दिसला मोटारसायकलचा?"

"ताडपत्रीखालून दिसत होता ना. मोठ्या मोठ्या गाठी. अशा टायरची गाडी मी जिंदगीत नाही पाह्यली, म्हणूनच तं ध्यानात राहिली."

जीप कोणाची, हेही त्याला ठाऊक होतं. शहरातल्या एका बड्या कापड व्यापाऱ्याची बेस्याला शेती होती. जीप त्याच्या मुलाची. मुलगा सत्ताविशीचा, शर्यतींचा शौकीन, आणि रविवारच्या शर्यतीत त्याचंही नाव होतं. महिन्यापूर्वी सरावात फिटरने त्याला सगळ्यांदेखत मागे टाकलं होतं, हे नंतर कळलं.

लगेच छापा घालायचा मोह होता. पण गाडीला नंबर नाही आणि तो सहज म्हणणार, माझीच आहे. चेसिसवरचे आकडे कानस मारून घालवायला किती वेळ लागतो? म्हणून मी त्या संध्याकाळी पुन्हा कोराडीला गेलो. फिटर घरी होता. सडपातळ, अबोल माणूस. दोन दिवसांत त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी दोघांना विचारलं, "गाडीत असं काय आहे, जे फक्त तुम्हालाच माहीत आहे?"

तो इंजिनाबद्दल सांगू लागला. बाईने त्याला थांबवलं.

"सीट मी शिवली साहेब. रेक्झिनच्या आत काथ्या भरला आन काथ्याच्या भोवती माह्या जुन्या लुगड्याचं अस्तर हाये. हिरवं, पिवळ्या काठाचं. उरलेला तुकडा पेटीत हाये अजून."

तो तुकडा मी पंचांसमोर ताब्यात घेतला, सीलबंद केला आणि त्या रात्री शांत झोपलो.

शुक्रवारी सकाळी बेस्याच्या शेतावर जीप उभी होती. मागे हुकाला वेल्डिंग केलेलं लोखंडी चॅनेलचं कॅरिअर. गोठ्याशेजारी मोटारसायकल. निळी होती ती आता लालभडक झाली होती, रंग बोटाला लागत होता. चेसिसवरचे आकडे अपेक्षेप्रमाणे घासलेले. रीतसर पंचनामा करून जीप आणि गाडी जप्त केली आणि त्या तरुणाला ठाण्यात आणलं.

लोकांना वाटतं, पोलीस चौकशी म्हणजे आरडाओरडा. माझा अनुभव उलटा आहे. खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं. मी चहा मागवला आणि लहान लहान प्रश्न विचारत गेलो. गाडी कधी घेतली? मुंबईच्या एका मित्राकडून, सहा महिन्यांपूर्वी. इंजिनाचं काम कुणी केलं? त्यानेच. रंग? मी दिला, शर्यतीसाठी. चाकं? जुनीच. रायटर एकेक उत्तर उतरवत होता.

"आणि सीट?"

"कंपनीची आहे. ओरिजिनल."

"कधी उघडली, शिवली?"

"नाही. आजपर्यंत कोणी हात लावलेला नाही."

मी ते त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. मग एक शाळामास्तर आणि समोरचा पानठेलेवाला अशा दोन पंचांना बोलावलं. फिटरची बायको दारापाशी येऊन उभी राहिली. हवालदाराने ब्लेडने सीटची शिवण उसवली. रेक्झिन बाजूला झालं आणि त्याखालून पिवळ्या काठाचं हिरवं लुगडं बाहेर आलं.

मी सीलबंद पाकीट फोडलं. पेटीतला तुकडा सीटमधल्या कापडाशेजारी ठेवला. कात्री जिथे वाकडी गेली होती, तिथे दोन्ही कडा तंतोतंत जुळल्या.

पानठेलेवाल्याच्या तोंडून निघालं, "वा गं माय!"

तो तरुण हळूच म्हणाला, "मला त्या गाडीसमोर पुन्हा हरायचं नव्हतं." पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण आता तिची गरजही नव्हती. त्याच्या ड्रायव्हरने कॅरिअर कुठे वेल्डिंग केलं तेही दाखवून दिलं.

संध्याकाळी त्याचे वडील आले. रागावलेले नव्हते, समजुतीच्या सुरात बोलत होते. "पोराचा खेळ आहे साहेब. त्यांना याहून चांगली नवीन गाडी घेऊन देतो. मिटवा."

मी म्हटलं, "गुन्हा नोंदलेला आहे. ते माझ्या हातात नाही."

फिटरची बायको तिथेच होती. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "नवी नको जी. आमची द्या."

अडचण पुढेच होती. गाडी आता मुद्देमाल होती. कोर्टाच्या हुकमाशिवाय ती ठाण्याबाहेर जाणार नव्हती, आणि शर्यतीला एकच दिवस उरला होता. शनिवारी कोर्ट उघडायच्या आधी मी दारात हजर होतो. फिटरचा अर्ज, माझा अहवाल, पंचनामे, लुगड्याचे तुकडे, सगळं न्यायाधीशांपुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही कडा स्वतः जुळवून पाहिल्या, किंचित हसले आणि सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, गाडी मूळ मालकाच्या ताब्यात देण्याचा हुकूम केला. कापड मात्र पुरावा म्हणून ठाण्यातच राहिलं. बाईने रातोरात दुसरी सीट शिवली.

रविवारी मी त्या माळावर बंदोबस्ताला होतो. गर्दी तुफान. झेंडा पडला, सगळ्या गाड्या उसळून निघाल्या आणि आमची लाल गाडी जागेवरच खोकत राहिली. फिटर किक मारतोय, मारतोय. दोरीपलीकडून एक आवाज आला, "अवो, चोक! चोक बंद करा!" त्याने हात घातला आणि गाडी गरजली.

सगळ्यात शेवटी निघालेला तो माणूस. पहिल्या फेरीत तिघांना मागे टाकलं. तिसऱ्या फेरीत धुळीतून फक्त लाल रंग दिसत होता. शेवटच्या ढिगावरून दोन गाड्या एकदमच हवेत गेल्या आणि जमिनीवर पहिली टेकली, रेषेपार पहिली गेली ती आमची. माझं काम गर्दी मागे रेटण्याचं होतं. प्रत्यक्षात मी जीपच्या बॉनेटवर उभा राहून टोपी फिरवत ओरडत होतो, आणि अंमलदार हवालदार माझ्याहून मोठ्याने.

पुण्याच्या माणसांनी त्याची निवड त्याच दिवशी केली. पुढे वर्षभराने खटल्यात शिक्षाही झाली.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. ठाण्याच्या पायरीवर आलेल्या माणसाकडे कागद नसतील, पण त्याच्याकडे माहिती असते, आणि ती कागदाहून पक्की असू शकते. ती बाई मंगळवारी परत गेली ती रडत बसली नाही. घमेली घेऊन पुरावा राखत बसली. तपास खरं तर तिने केला. पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे अंमलदाराला मी पहिल्याच दिवशी सांगत असे: समोरचा बोलतो ते आधी लिहा, कागद नंतर मागा.