दगडाला कोड

माझ्या आतेने समुद्राला कोड लावलं, असं आमची अख्खी वाडी म्हणायची.

ती इंदूआते आज सकाळी गेली.

वय झालं होतं, झोपेतच गेली, सगळं खरं. तरी सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेय आणि कळवायचं कुणाला तेच सुचत नाहीये.

साठच्या दशकातली गोष्ट. मालवणच्या दक्षिणेला, समुद्राला लागून आमची वाडी. मी तेव्हा परकरात होते.

लग्नानंतर आतेच्या हातांवर पांढरे डाग उठले. "चार दिवस राहू दे" म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं.

ते चार दिवस आज संपले.

तिचा विरंगुळा एकच. सुकती लागून पाणी ओसरलं, की बायकांबरोबर खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, शिंपल्यांतली कालवं काढायला जायचं. कालवं कमी, गप्पा जास्त. आते खळखळून हसायची ती फक्त तिथे.

खडपातल्या डबक्यांत पोवळ्याचे दगड होते. तपकिरी, हिरवट, बुळबुळीत. आम्हाला ते नुसते दगडच. पोवळं म्हणजे दागिन्यातला लाल मणी, एवढंच ठाऊक.

एका मे महिन्यात भयंकर उकाडा झाला. डबक्यात पाय घातला तर पाणी पेजेसारखं गरम.

आणि ते दगड पांढरे पडले. चुना फासल्यासारखे पांढरेफटक.

"गो बाये, दगडाक कोड इलां!" शेजारची काकी ओरडली.

सगळ्यांनी आतेच्या हातांकडे पाहिलं. आमच्या वाडीला निदान करायला डॉक्टर कधी लागलाच नाही.

"इंदू, तू आता आमच्या वांगडा येव नको गो."

"बरां," आते म्हणाली. एवढंच.

मग सगळ्या परतल्या की ती एकटी जायची. तोवर पाणी चढायला लागलेलं असायचं. तिची कालवं कुणी घेईना, म्हणून माझी आई ती आपल्या टोपलीत मिसळून विकायची आणि वर गिऱ्हाइकाला कौतुकही ऐकवायची. आमची आई महावस्ताद होती.

पावसाळा गेला. समुद्र निवला. दसऱ्याच्या सुमारास आते खडपातून चक्क धावत आली.

"चला गो, बघूक चला! दगड बरे झाले! माझ्या हातान काय झालां नाय!"

बायका गेल्या, वाकून पाहिलं. खरंच रंग परत आला होता.

तीच काकी म्हणाली, "दगडाचां गेलां. तुझां खंय गेलां?"

सगळ्या हसल्या आणि आपापल्या घरी गेल्या. आते तिथेच उभी राहिली. त्यानंतर ती खडपात कधी गेली नाही.

पुढचं सगळं आयुष्य मागच्या पडवीत. एक रेडिओ आणि ती.

गेल्या वर्षी माझी नात आली होती, मरीन बायॉलॉजी शिकते. बोलता बोलता विषय निघाला, तेव्हा तिने आतेला समजावलं.

"पणजी, ते दगड नव्हतेच. तो जीव असतो. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. तेच त्याला रंग देतं आणि जेवूही घालतं. पाणी फार तापलं की दोघांचं बिनसतं आणि शेवाळ बाहेर पडतं. ब्लीचिंग म्हणतात त्याला."

"म्हणजे तां मेलां हुतां?"

"लगेच नाही मरत. पांढरं पडलं तरी जिवंत असतं, फक्त उपाशी. पाणी वेळेवर निवलं तर शेवाळ परत येतं. नाही निवलं तर मात्र मरतं. हल्ली तर सावरायच्या आत पुढचा उन्हाळा येतो."

आते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली.

"म्हणजे माझ्या हातान नाय."

"नाही गं पणजी. उन्हाने."

मला वाटलं हसेल. निदान रडेल तरी.

"ह्यां आता कोणाक सांगू?" ती म्हणाली. "सगळ्यो गेल्यो."

मला अजून ते वाक्य सोसत नाही.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये त्या बायकांच्या सुना आहेत, नातवंडं आहेत. तुम्ही लाइक करा, नका करू. पण वाचा. तिच्या हाताने काहीही झालं नव्हतं.

आते, सांगितलं गं सगळ्यांना.

आता शांतपणे जा.