लिंबांच्या बागेखाली

युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल उन्हाळ्यात बंद व्हायचं, म्हणून त्या वर्षी मी ब्रिस्टलहून रीडिंगला एका मराठी डॉक्टर दांपत्याकडे राहायला गेले. आदल्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात मी हॉलवर पुऱ्या लाटायला बसले होते, तिथे काकूंशी ओळख झाली होती. "वरची छोटी खोली रिकामीच असते, ये आमच्याकडे. तू काय, घरचीच," त्या म्हणाल्या.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, शिष्यवृत्तीवर इथवर आलेली. वडील जालन्याजवळ एका बागायतदाराकडे मोसंबीच्या बागेत कामाला होते. लोक आपल्याला नेमकं कशासाठी बोलावतात, हे ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्यांना आवडले, असं मी धरून चालले.

ऑगस्टमध्ये ते नीसला सुट्टीवर जाणार होते. "तूही चल," काका म्हणाले. "फ्रान्सचा व्हिसा काढ. इटलीचा नको, उगाच डबल खटाटोप." तेव्हा प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा काढावा लागे. नीसच्याच किनाऱ्यावर, इटलीच्या हद्दीलगत माँतों नावाचं गाव आहे, तिथे समुद्राच्या वर डोंगरात पायऱ्यापायऱ्यांनी लिंबाच्या बागा आहेत, असंही त्यांनीच सांगितलं. मी घरी कळवलं. वडिलांचं उत्तर आलं, इतर चौकशीआधी एकच प्रश्न : तिथली लिंबाची कलमं कोणत्या झाडाच्या खुंटावर बांधतात? आपल्याकडे मोसंबीला जंबुरी या रानटी लिंबाचा खुंट घेतात, त्यावर मोसंबीचा डोळा भरून कलम करतात. बघून ये.

काकांच्या आई, म्हणजे आजी, पुण्याहून आल्या होत्या, त्या बरोबर होत्या. काका-काकूंची दोन मुलंही होती. किनाऱ्याने गावं बघत जायचं ठरलं, त्या दिवशी मी सगळ्यांआधी उठून पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली, कारण आजी बाहेरचं खात नसत. निघण्याआधी जुन्या बाजारात एका दुकानात भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत काहीतरी भाजत होते. चण्याचं पीठ, तेल, वरून मिरपूड. काकांनी कागदात बांधून घेतलं. आजींनी वास घेतला, तुकडा मोडला.

"अरे, हे तर धिरडं! एवढ्या लांब आणून मला धिरडं खायला घालतोस?"

सगळे हसले. आजींनी अख्खा कागद साफ केला. माझ्या पोळ्या डब्यातच राहिल्या.

आगगाडी समुद्राच्या अगदी कडेने जात होती. व्हिलफ्रान्शला उतरून होड्या पाहिल्या. मोनॅकोला राजवाड्यासमोर काकांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "सगळे येऊ देत हं फ्रेममध्ये." सगळे आले. मी जे पाहिलं, त्यातलं बरंच त्या छोट्या काचेतून पाहिलं.

माँतोंला गाडी थांबली तेव्हा फक्त आजींनी आणि मी उतरायचं आहे, हे मला दारात कळलं.

"आम्ही पुढे इटलीत बाजार बघून, जेवून येतो," काकू म्हणाल्या. "आमचे ब्रिटिश, तुम्हा दोघींचे इंडियन पासपोर्ट ना, तुम्हाला तिकडे नाही जाता यायचं. तू आहेस म्हणून बरं. आईंना सोडून कसं जाणार होतो आम्ही?"

"आजी नाही येतो?" धाकट्याने त्याच्या मोडक्या मराठीत विचारलं. काकूंनी त्याला आत ओढलं आणि गाडी गेली.

समुद्रासमोरच्या बाकावर आम्ही बसलो. मागे वळलं की डोंगर दिसे, त्यावर हिरव्या पायऱ्या. आजींचे गुडघे सुजले होते, चढणं शक्यच नव्हतं. मी कितीदा मागे पाहिलं असेन कोण जाणे.

"तुला माझ्यासाठी आणलंय," आजी म्हणाल्या. "कळलं ना?"

मी पोळ्यांचा डबा दोघींच्या मधे ठेवला.

"मला नीसलाच ठेवा म्हटलं होतं. पण एकटी कशी ठेवायची? आणि मी असले की यांना फिरता येत नाही. मग तू." त्यांनी डबा उघडला, पोळीचा तुकडा भाजीत बुडवला. "काय बघायचं होतं तुला?"

मी खुंटाचं सांगितलं. वडिलांचंही सांगितलं.

"मग जा ना. मी काही हरवत नाही."

मी उठले. पर्सही खांद्याला लावली. मग मला रीडिंगची ती छोटी खोली आठवली, हॉस्टेल उघडायला अजून बरेच आठवडे होते ते आठवलं. ते लवकर परतले आणि आजी बाकावर एकट्या दिसल्या तर? मी परत बसले. आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि उरलेली पोळी माझ्या हातात दिली.

संध्याकाळी ते आले. काकूंच्या हातात चामड्याची नवी पर्स होती, मुलांच्या शर्टावर आइस्क्रीम. "मग, बाग बघितली ना?" काकांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता ते गाड्यांचा बोर्ड वाचू लागले.

रीडिंगला परतल्यावर एका रविवारी त्यांच्याकडे पाहुणे होते. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा काकू फोटो दाखवत होत्या. "हिलाही युरोप दाखवला आम्ही. गरिबाघरची मुलगी, कधी जाणार होती? हो की नाही हो, आई?"

मी आजींकडे पाहिलं. बाकावर त्या इतकं स्वच्छ बोलल्या होत्या, की त्या आता काहीतरी बोलतील असं मला खरंच वाटलं.

"हो ना," आजी म्हणाल्या. "फार खूश होती पोर." आणि कप उचलला. त्यांनाही डिसेंबरपर्यंत त्याच घरात राहायचं होतं.

वडिलांना मी लिहिलं, बाग त्या दिवशी बंद होती. खरं लिहिता आलं असतं. पण मग त्यांनी उत्तर पाठवलं असतं, म्हातारं माणूस होतं, बसलीस थोडा वेळ तर काय बिघडलं. त्यांनी हेच लिहिलं असतं, याची मला खात्री होती. आणि तेवढं मात्र मला त्यांच्याकडून ऐकायचं नव्हतं.