ब्रिस्काचं खोटं बाळंतपण

राग्ना स्टुबेन आमच्या खोऱ्यात बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. मुलं तिला टरकून असत. मोठी माणसं तिच्या तोंडावर गोड बोलत आणि पाठ वळली की नावं ठेवत. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला. मुलगी बर्गनला. राग्नाचं यापैकी कशावाचून फारसं अडलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती, मूसची, म्हणजे आमच्याकडच्या त्या घोड्याएवढ्या रानहरणाची, शिकार करणाऱ्या टोळीत जागा.

तिच्या वडिलांना ती जागा होती. ते वारल्यावर ती जागा गेली राग्नाच्या चुलतभावाकडे, ज्याला बंदूक नीट पुसताही येत नव्हती. राग्ना अकरा वर्षं दर वसंतात टोळीकडे अर्ज करत राहिली आणि म्होरक्या हाल्वोर दर वसंतात म्हणत राहिला, "यंदा जागा नाही गं. पण शिकारीच्या दिवशी कॉफी घेऊन वर जंगलात ये. तुझ्या हातची कॉफी सगळ्यांना आवडते."

मग तिने ब्रिस्का पाळली. राखाडी रंगाची, ताठ कानांची कुत्री. जंगलात मूसचा माग काढायचा आणि शिकारी पोचेपर्यंत भुंकून भुंकून त्याला एका जागी खिळवून ठेवायचं, हे काम ब्रिस्कासारखं कुणाला जमत नव्हतं. एका वर्षी हाल्वोरचा कुत्रा ऐन शिकारीत जायबंदी झाला. तो राग्नाच्या दारात आला आणि म्हणाला, "कुत्री चार दिवस दे."

"कुत्री माझ्याशिवाय जात नाही," राग्ना म्हणाली.

अशी ती टोळीत शिरली. चौदा पुरुष आणि एक राग्ना. माझा नवरा तुरे त्या चौदांपैकी एक. तो जेवताना म्हणायचा, "जागा राग्नाची नाही, ब्रिस्काची आहे. राग्ना फक्त पट्टा धरायला येते."

मी सिसेल. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन घेते, नोंदी ठेवते, शस्त्रक्रियेआधी जनावराचं पोट भादरून देते. म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

ब्रिस्का उन्हाळ्यात, जुलैच्या सुमारास, माजावर यायची. तिला कुत्रा कधी दाखवला नव्हता, तरी दोन महिने उलटले की तिच्या अंगाला वाटायचं की आपण व्यालो. सडं सुजायची, दूध यायचं. जिन्याखाली चिंध्या ओढून न्यायची, राग्नाचा लोकरीचा हातमोजा पोटाशी घ्यायची आणि चाटत बसायची. शिकार सप्टेंबरच्या पंचवीस तारखेला सुरू होते, आणि ही नेमकी तेव्हाच बाळंतीण. पहिल्या वर्षी टोळीने हसून घेतलं.

"काय राग्ना, रजेवर का? कुत्री व्याली की तू?"

दुसऱ्या वर्षी हसणं कमी झालं. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्येच हाल्वोरने सांगून टाकलं, "दोन वर्षं चालवून घेतलं. यंदाही घरी बसली, तर आम्हाला तुझ्या जागी त्या तरुण सिन्द्रेला घ्यावं लागेल. पोरगा तयारीचा आहे."

सप्टेंबरच्या सुरुवातीला राग्ना ब्रिस्काला घेऊन दवाखान्यात आली. डॉक्टर एम्ब्रिकने सड हलकेच दाबलं. दूध आलं.

"काढून टाका सगळं," राग्ना म्हणाली. "पिशवी, बीजकोश, काय असेल ते."

"काढायला माझी ना नाही. विनाकारण काढायला कायद्याची परवानगी नाही, पण दर वर्षी हा त्रास होतोय म्हणजे त्यातही बसतं. पण आत्ता नाही. दूध असताना बीजकोश काढले, की अंगाला वाटतं आता खरंच बाळंतपण झालं. दूध आणखी जोर धरतं. काही कुत्र्यांचं मग थांबता थांबत नाही. या गोळ्यांनी दूध आटव, तोवर तिला घरीच ठेव आणि डिसेंबरात ये."

"डिसेंबरात शिकार संपत आलेली असते."

"पण कुत्री शाबूत असते ना."

राग्नाने गोळ्या उचलल्या आणि दार आपटून गेली.

चार दिवसांनी एम्ब्रिक रजेवर गेला आणि ओस्लोहून एक तरुण डॉक्टरीण बदलीवर आली. राग्नाचा फोन आला.

"सोमवारी वेळ आहे का?"

"राग्ना, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर तिथे आहेत का? नाहीत. वेळ आहे की नाही, एवढं सांग."

मी सोमवारी नाव लिहिलं.

बदलीच्या डॉक्टरणीने विचारलं, "माजावर कधी आली होती?"

"एप्रिलमध्ये," राग्ना म्हणाली.

एप्रिल म्हटलं की दूध केव्हाच आटलेलं असणार. माझ्यासमोर संगणकाच्या पडद्यावर तारीख होती, सात जुलै. राग्नाने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. बसमध्ये ती पोरांकडे बघायची तशी बघत होती. मी ती नोंद बंद केली.

ब्रिस्काला भूल दिल्यावर मी पोट भादरायला घेतलं. गोळ्यांनी सूज ओसरली होती, पण शेवटच्या सडाशी यंत्र नेलं तेव्हा पांढरा थेंब आला. मी तो कापसाने पुसला. डॉक्टरीण हात धुऊन आली.

"सडं जरा मोठी वाटतात, नाही?"

"हिची तशीच आहेत," मी म्हणाले.

का म्हणाले? कित्येकदा विचार केलाय. राग्नावर माझा जीव होता असं नाही. पण तुरे जेवताना पट्ट्याची ती गोष्ट सांगून हसायचा आणि मी त्याच्या ताटात बटाटे वाढायचे. मला वाटलं, एका तरी बाईला त्या चौदांमध्ये उभं राहू दे. एवढंच. त्यासाठी कुत्रीचं काय होईल, हा विचार मी कापसाबरोबर टाकून दिला.

चौथ्या दिवशी राग्नाचा फोन आला. "सिसेल, दूध वाहतंय. टाक्यांपर्यंत ओली झालीये."

तरी पंचवीस तारखेला ती ब्रिस्काला घेऊन जंगलात गेलीच. ब्रिस्काने माग धरला, मूस अडवला, दहाएक मिनिटं भुंकली आणि एकाएकी गप्प झाली. मूस नदी ओलांडून दुसऱ्या टोळीच्या हद्दीत गेला. सगळे कुत्रीला शोधत होते. ती सात किलोमीटर पळत घरी गेली होती आणि जिन्याखाली त्या हातमोज्यावर आडवी झाली होती. वॉकीटॉकीवर हाल्वोर म्हणाला, "राग्ना, तुझं पोर रडतंय. घरी जा." चौदाही जणांनी ते ऐकलं. तुरेने मला ते जेवताना सांगितलं, हसून हसून डोळे पुसत. मी उठून भांडी घासायला गेले.

एम्ब्रिक परत आल्यावर त्याने नोंदी चाळल्या. "तारीख इथे लिहिली होती, सिसेल," तो म्हणाला, आणि पुन्हा तो विषय त्याने कधी काढला नाही. गोळ्या दिल्या की दूध आटायचं, बंद केल्या की काही आठवड्यांनी परत यायचं. असं तीनदा झालं. एका सडात पू झाला, तो भाग कापावा लागला. घराजवळ कुणी फिरकलं की ब्रिस्का दात दाखवायची. टपाल देणाऱ्याला चावली. नाताळात राग्नाची मुलगी आली, तर तिला जिन्याजवळ जाऊ देईना. मुलगी दोन दिवसांत परत गेली. टोळीच्या एप्रिलच्या बैठकीत जागा सिन्द्रेला दिली गेली.

ब्रिस्काच्या मलमपट्टीला आली असताना राग्नाने मला कोपऱ्यात गाठलं.

"तू दूध पाहिलं होतंस."

"हो."

"मग तोंड का शिवून बसलीस?"

"तुला हवं होतं म्हणून. आणि खोटं तू बोललीस, राग्ना."

"मी बोलले. मला शिकारीपुढे काही दिसत नव्हतं. तुला दिसत होतं. यंत्र तुझ्या हातात होतं."

मी मलमाची डबी तिच्या हातात ठेवली.

ब्रिस्का त्यानंतर पाच वर्षं जगली. पुढे पुढे दूध थांबलं, पण जंगलात ती परत गेली नाही. राग्नाने बंदूक विकली. बसची नोकरी सोडली. टोळीने एकदा मूसचं मांस पाठवलं, ते तिने फाटकावर टांगून ठेवलं आणि कावळ्यांनी खाल्लं.

गेल्या ऑगस्टात सिन्द्रे दवाखान्यात आला. त्याच्याकडे आता तरुण कुत्री आहे आणि तिलाही तेच. या वेळी मी गप्प बसले नाही. एम्ब्रिकच्या आधी मीच त्याला ब्रिस्काचं सगळं सांगितलं. सिन्द्रे घाबरला, शस्त्रक्रियेसाठी डिसेंबरपर्यंत थांबला, कुत्री सगळा हंगाम घरी ठेवली. आणि हाल्वोर त्याला काय म्हणाला, हे मला तुरेनेच सांगितलं: "असू दे रे. जनावर आहे, व्हायचंच. तू ये आमच्याबरोबर. जागा कुठे पळून जाते तुझी?"

हे राग्नाला सांगायला मी तिच्या घरी गेले. कशासाठी, देव जाणे. तिने दार अर्धंच उघडलं. मी सगळं सांगितलं, हाल्वोरचं बोलणंही.

"कुत्री बरी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे. जखम छान भरली."

"हे सांगून झालं असेल तर जा आता," राग्ना म्हणाली, आणि तिने दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.