रिकामा फ्लॅश

प्रत्येक फोटो स्टुडिओत एक खण असतो. लोकांनी काढवून घेतलेले आणि न्यायला न आलेले फोटो त्यात साठतात. ते टाकवत नाहीत, कारण शेवटी माणसांचे चेहरे आहेत. ठेवून उपयोग नाही, कारण कोणी विचारत नाही. किश्शांचेही तसेच आहे. आमच्या डोंबिवलीच्या दुकानात दोन्ही साठे भरपूर झाले आहेत. त्यांतला एक आज थोडा हलका करतो.

दुकानात आम्ही दोघे भागीदार. दिलीप मला नाना म्हणतो. सकाळी देवापुढे उदबत्ती लावल्याशिवाय मी कॅमेऱ्याला हात लावत नाही. दिलीप शीळफाट्याजवळच्या गावातला आगरी. तो कॅमेरा बिघडल्याशिवाय देवाला हात जोडत नाही. तरी भागीदारी टिकली आहे, यात मोठेपणा देवाचा.

ऐन लग्नसराईच्या तोंडावर आमचा जुना फ्लॅश निवर्तला. नवा घ्यायचा तो स्वस्त की महाग? एरवी दिलीपने स्वस्त म्हटले असते आणि विषय संपला असता. पण याच सराईत त्याच्या मुलीचे लग्न होते, आणि त्या लग्नात त्याला एक फोटो हवा होता: आईचा, उघड्या डोळ्यांचा.

त्याच्या आईला सारे गाव आय म्हणते. कॅमेरा वर झाला की आय डोळे मिटते, आणि उजेड पडून गेल्याशिवाय उघडत नाही. वीज चमकताना डोळे मिटावेत, हे तिला लहानपणी शिकवलेले आहे. मुलगा फोटोग्राफर, आणि घरातल्या प्रत्येक फोटोत आय झोपलेली. आधार कार्डाच्या वेळी मात्र यंत्रापुढे तिला डोळे उघडावेच लागले. दिलीप म्हणतो, "आयचे उघडे डोळे फक्त सरकारने बघितलेत."

०००

ठाण्याच्या दुकानदाराने दोन्ही फ्लॅश शेजारी शेजारी ठेवले. दिसायला सख्खे भाऊ. गुणांत फरक असा की स्वस्त फ्लॅश उजेड सरळ समोरच्याच्या डोळ्यांत फेकतो आणि लवकर दमतो. महागाच्या अंगात इतका जोर की उजेड छतावर मारावा आणि तो वरून चांदण्यासारखा खाली उतरावा. डोळ्यांना कळतसुद्धा नाही.

दुकानदाराने आम्ही लग्ने करतो की वाढदिवस, ते विचारले. वाढदिवस दरवर्षी येतो, स्वस्तात भागते. लग्न पुन्हा होत नाही, तिथे महागच हवा, असा त्याचा सिद्धान्त.

दिलीप म्हणाला, "तुम्ही आमची गिऱ्हाइकं बघितली नाहीत."

अखेर स्वस्त विकत घेतला. महाग दुकानदाराने ओळखीवर वापरायला दिला: मुलीचे लग्न होईपर्यंत ठेवा, पटला तर घ्या, नाही तर परत आणा.

०००

स्वस्त फ्लॅशने पहिल्याच आठवड्यात आमच्या भागीदारीची परीक्षा घेतली.

रिसेप्शनला रांग लागते. माणूस पाकीट देतो, वधूवरांशेजारी उभा राहतो, उजेड पडतो, माणूस जेवायला जातो. यजमानाला एवढे फोटो नको असतात. म्हणून रांगेतले लांबचे पाहुणे आले की दिलीप कॅमेरा डोळ्याला नुसता लावी आणि दुसऱ्या हातातल्या सुट्या फ्लॅशचे बटण दाबी. उजेड पडे. फोटो नाही. याला धंद्यात रिकामा फ्लॅश म्हणतात.

मी त्याला बाजूला घेऊन विचारले की ही फसवणूक नव्हे तर काय? तो शांतपणे म्हणाला, "माणसाला फोटो नको असतो नाना. उजेड हवा असतो."

मी धर्माची भाषा सुरू केली. त्यावर त्याने विचारले, गर्दीच्या दिवशी देवळात पुजारी तुमचे फूल घेतो आणि न बघता ढिगावर टाकतो, ते देवाला पोचते ना?

पोचते, असे मी ठामपणे सांगितले. मात्र त्या दिवसापासून माझे फूल कुठे पडते, तिकडे माझे लक्ष जाते. हे पाप दिलीपच्या खात्यावर आहे.

०००

महाग फ्लॅशचे पदार्पण मोहने गावातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये झाले. मी विधिवत त्याचे तोंड छताकडे केले आणि नवऱ्या मुलाच्या एका काकूंचा फोटो काढला. उत्तम आला. काकू हलेनात.

झाला फोटो, असे मी नम्रपणे सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, वर पाहिले आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "हा पंख्याचे फोटो काढतोय."

मी पुन्हा काढला. तोही उत्तम. काकू उभ्याच. मागे रांग जिन्यापर्यंत गेली. शेवटी दिलीप आला आणि त्याने स्वस्त फ्लॅश त्यांच्या तोंडासमोर धरून बटण दाबले. काकू दोन्ही हातांनी डोळे चोळत, अत्यंत समाधानाने पायऱ्या उतरल्या.

०००

ठाण्यातली एक मुंज. मांडवाचे छत केशरी कापडाचे. दिलीपने महागाचा उजेड त्या छतावर मारला, तो खाली केशरी होऊन उतरला आणि सगळे फोटो केशरी झाले. पैसे बुडाले, असे आम्ही धरून चाललो.

बटूच्या आजोबांनी अल्बम पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "गायत्रीचा उपदेश झाल्याबरोबर चेहऱ्यावर तेज आलं बघा."

तेच तेज जिलबी तळणाऱ्या आचाऱ्याच्याही चेहऱ्यावर होते, आणि त्याला कोणीही उपदेश केला नव्हता. ते पान मी लवकर उलटले.

०००

दुसऱ्या एका लग्नात महाग फ्लॅश चार्जिंगला राहिला, म्हणून स्वस्तावर भिस्त. अंतरपाट दूर होणार, शेवटची मंगलाष्टका संपत आली, आणि फ्लॅश दमला. तो दमला की निवल्याशिवाय पेटत नाही. दिलीपने गुरुजींच्या कानाशी जाऊन आणखी एक कडवे म्हणण्याची विनंती केली.

गुरुजींनी मुहूर्ताकडे, म्हणजे घड्याळाकडे पाहिले. म्हणाले, "देव थांबतील. केटरर थांबणार नाही."

तरी त्यांनी एक कडवे म्हटले. मग त्यांना सूर सापडला आणि त्यांनी आणखी तीन म्हटली. फ्लॅश केव्हाच निवला होता. त्यांना थांबवण्याची सोय मात्र कुठल्याच फ्लॅशमध्ये नव्हती.

०००

दिलीपच्या मुलीचे लग्न टिटवाळ्याला झाले. दिलीप वधुपिता, अंगावर शेला, म्हणून कॅमेरा माझ्याकडे. त्याने सकाळपासून मला एकच गोष्ट सांगितली होती: बाकी लग्न गेले तरी चालेल, आयचे डोळे आण. आधी रिकामा फ्लॅश मारायचा, उजेड गेला असे वाटून ती डोळे उघडेल, तेव्हा खरा फोटो काढायचा, अशी युक्तीही त्याने सुचवली. मी साफ नकार दिला. म्हातारीला फसवून मिळवलेला फोटो घरात लावू नये.

आय पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात बसली होती. मी कॅमेरा वर केला. तिने डोळे मिटले. मी महाग फ्लॅशचे तोंड छताकडे केले आणि थांबलो. ती थांबली. मी थांबलो. तिकडे मंगलाष्टका सुरू झाल्या.

बराच वेळ उजेड पडेना, तेव्हा आयने काय झाले ते पाहायला एक डोळा उघडला. मी तत्क्षणी बटण दाबले.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. एक डोळा सताड उघडा, दुसरा घट्ट मिटलेला, ओठ किंचित वाकडे. नातीच्या लग्नात आजी डोळा मारते आहे. पण अर्धे का होईना, काम झाले होते.

उजेड छतावरून उतरला होता, त्यामुळे आयला तो कळलाच नाही. "पेटला नाय रं तुजा," ती म्हणाली, आणि पुढे अक्षता टाकायला उठायचे सोडून तशीच बसून राहिली. फोटो निघाला, हे मी तिला दोनदा सांगितले. ती हलेना. मंचावरून दिलीप हातवारे करू लागला. गुरुजींनी शेवटचे कडवे धरले. मला अंतरपाटाकडे धावायचे होते.

पिशवीतून स्वस्त फ्लॅश काढला, हातानेच तिच्यासमोर धरला, मान अंतरपाटाकडे वळवली आणि बटण दाबले. उजेड पडला. आय उठली.

अल्बम तयार झाला, तेव्हा दिलीपने तो पहिल्यांदा आयपुढे ठेवला. मी शेजारी होतो. डोळा मारणारा फोटो पाहून सगळे घर हसून लोळले. नव्या जावयाने तो मोठा करून मागितला. दिलीपचे डोळे ओले होते.

आय हसली नाही. तिने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि बाजूला ठेवला.

"ह्यो नाय रं," ती मला म्हणाली. "मंग पेटला ना, तवाचा दाकव. तवा मी दोनी डोले उगडे ठेवलेले."