सुक्या बोंबलांचा धूर

सई, मिहिर, तुम्ही मित्रांबरोबर डोंगरावर मुक्कामाला निघालात असं कळलं आणि नेमके आजच खालच्या मजल्यावर कोणीतरी सुके बोंबील भाजले. त्या वासाने मला थेट माझ्या कॉलेजच्या दिवसांत नेलं.

आम्ही मैत्रिणी पनवेलजवळच्या एका सोप्या डोंगरावर रात्र काढायला गेलो होतो. खर्च नको म्हणून सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या सुमनने घरचे बोंबील आणले होते. सकाळी कड्याखाली ओल्या काटक्या पेटवून आम्ही ते भाजायला घेतले. धूर वर चढला, आणि वर आग्या मोहोळ होतं.

आधी घोंघावणं ऐकू आलं, मग माशा तुटून पडल्या. बाकीच्या वाटेने खाली पळाल्या. मी मात्र डोळे मिटून, किंचाळत दरीच्या दिशेने धावत सुटले. सुमनने झडप घालून मला आडवं पाडलं, पाठीत गुडघा रोवला, तोंड मातीत दाबलं. मी तिच्या मनगटाला कडकडून चावले.

“चाव गो, पन हालू नको,” असं म्हणत तिने स्वतःची चादर माझ्यावर ओढली. ती स्वतः मात्र माशांपुढे उघडीच राहिली.

तेव्हा मला फक्त तिचा गुडघा जाणवला होता. आता दिसते ती दरी.

सुमन अजून सारसोळ्यातच राहते. तिच्या मनगटावर माझ्या दातांची खूण आहे.