काकांनी थांबवलेली फायनल

ज्या माणसाने मला ठोसा मारायला शिकवलं, त्यानेच माझी पहिली स्टेट फायनल मला लढू दिली नाही.

वानखेडे काका आज सकाळी गेले.

भोपाळच्या सोनागिरीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, आमच्या मागच्याच लाइनमध्ये राहायचे. मूळचे नागपूरचे. कारखान्यात बाबांच्याच विभागात फिटर, पण नोकरीवर त्यांना घेतलं होतं ते बॉक्सिंगसाठी. तरुणपणी स्टेट चॅम्पियन.

संध्याकाळी टाउनशिपच्या ग्राउंडवर आम्हाला शिकवायचे आणि जुन्या गोष्टी सांगायचे.
तेव्हाचे चॅम्पियन म्हणे सारखे रिंगमध्येच असायचे. आज इटारसी, परवा नागपूर, लगेच जबलपूर. डोळा सुजलेला असला तरी.

आम्ही भारावून ऐकायचो. आत्ताचे मोठे बॉक्सर वर्षातून एखाद-दोनदा लढतात, तेही महिनोन्महिने तयारी करून. आम्हाला ते नाजूकच वाटायचे.

मग भोपाळलाच स्टेट चॅम्पियनशिप झाली.

सेमीफायनलला शेवटच्या राउंडमध्ये माझ्या कानशिलावर एक हुक बसला. सणसणीत. पण मी जिंकले.

फायनल दुसऱ्या दिवशी दुपारी. जिंकेल ती नॅशनलला जाणार.

मॅचच्या आधी काका माझ्या हाताला बँडेज गुंडाळत होते.

"काका, आपला कॉर्नर लाल की निळा?"

"निळा."

त्यांनी दुसरा हात घेतला.

"काका, कॉर्नर कुठला आपला?"

त्यांची बोटं थांबली.

"डोकं दुखते का?"

"नाही."

"माझ्याकडे पाहून सांग."

मी पाहिलं. ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत घुसत होता.

"थोडंसं," मी म्हटलं.

ते बँडेज सोडवायला लागले.

मला आधी कळलंच नाही. मग ते उठून पंचांच्या टेबलाकडे निघाले तेव्हा कळलं.

"सर, सोच लीजिए," टेबलावरचा माणूस म्हणाला. "वॉकओवर लिख दूँ?"

"लिख दो."

बाबा स्टँडमधून धावत आले. "वानखेडे, अरे पोरीची नॅशनल घालवतोयस तू!"

मी रडत ओरडले, "तुम्ही तर एका आठवड्यात तीन-तीन फाइट खेळायचात! तेव्हा तुमचं डोकं नव्हतं दुखत?"

चिडले की काका पक्के नागपूरचे व्हायचे.

"दुखे! काहून खेळायचो माहीत आहे का तुले? आपण नाही म्हटलं की दुसरा पोरगा तयारच राहे. नोकरी खेळावर लागलेली. टीव्ही नव्हता, घरी बसून कोणी चॅम्पियन मानत नव्हतं. जो गावात येईन त्याच्याशी लढून दाखवा लागे. आणि डॉक्टर काय पाहे? नाक पाहे, दात पाहे. आतमधी काय झालं ते कोण पाहणार?"

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"जबलपूरची फायनल मी जिंकलो म्हणतात. घरी फोटो आहे. मले त्यातलं काहीच आठवत नाही. लढलेलं नाही, जिंकलेलं नाही, घरी कसा आलो तेही नाही. तुह्या काकूले मी आजवर सांगितलं नाही."

बाबांनी माझी बॅग उचलली.

पलीकडे रिंगमध्ये रेफरीने माझ्याशी लढणार होती त्या मुलीचा हात वर केला. टाळ्या आम्हाला ऐकू येत होत्या.

साकेत नगरच्या हॉस्पिटलला जाताना मला ऑटोतच उलटी झाली. बाबांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. काका पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले होते. एकदाही मागे वळले नाहीत.

स्कॅन क्लीन आला.

"म्हणजे मी लढू शकले असते ना?" मी डॉक्टरांना विचारलं. अजून राग होता.

"स्कॅनमध्ये न दिसणारा मारही असतो," ते म्हणाले. "त्यावर आज आणखी एक ठोसा बसला असता, तर पुढचं मी सांगू शकलो नसतो."

बाहेर बाकावर काका वाट बघत होते. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं आणि शेजारी बसले. काकांनी नुसता तोंडावरून हात फिरवला.

पुढच्या वर्षी मी नॅशनल खेळले. दुसऱ्याच फाइटला हरले. कॉर्नरला काकाच होते. येताना ट्रेनमध्ये माझ्यापेक्षा तेच जास्त खूश होते.

त्यानंतर काही वर्षांनी ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग घरचा रस्ता, मग आम्हाला.

जुना मार आहे, डॉक्टर म्हणाले. तेव्हाचा.

आता ग्राउंडवर मी शिकवते. काकू त्यांचा हात धरून घेऊन यायची. मुलं पाया पडायची. कोण कुणाच्या पाया पडतंय, काकांना कळायचं नाही.

मागच्या आठवड्यात भेटायला गेले होते. काका झोपेतून दचकून उठले. कावरेबावरे. मुठी आवळलेल्या.

"आज फाइट आहे का?"

"नाही हो," काकू म्हणाली. "आज काही नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही."

"बरं झालं," म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपले.

काका, तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.