बिबा आणि ऑपरेशनची तारीख

पांढुर्ण्याच्या मुलींच्या वसतिगृहात मी नऊ वर्षं स्वयंपाक केला. साठ मुली, दोन वेळच्या पोळ्या आणि कणीक मळायला मी एकटी. उजव्या कोपराच्या आतल्या अंगाला, हाड वर येतं तिथे, दुखायला लागलं ते दोन वर्षं थांबलं नाही. पाण्याचा लोटा उचलला तरी कळ मनगटापर्यंत जायची आणि करंगळीला मुंग्या यायच्या.

गावच्या दवाखान्यात तीन इंजेक्शनं झाली. पहिलं महिनाभर पुरलं, दुसरं आठवडाभर, तिसऱ्याने काहीच केलं नाही. डॉक्टर म्हणाला, "हाताला आराम द्या." मी म्हटलं, "हे वसतिगृहाला लिहून द्या." तो हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

शेवटी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरने हात नीट दाबून पाहिला आणि सांगितलं, की हाडाला जिथे दोरीसारखी शीर चिकटते तिथे ती झिजून खराब झाली आहे. खराब तुकडा कापायचा, चांगला भाग परत हाडाला टाचायचा, मग दीड-दोन महिने जड काम नाही. त्याने मे महिन्याच्या सुरुवातीची तारीख दिली. तेव्हा मुली घरी जातात, वसतिगृह जुलैपर्यंत बंद असतं. म्हणजे हातही वाचणार होता आणि नोकरीही.

माझं घर बघायला सौंसरहून मोठी बहीण आली. तारखेला तीन दिवस होते.

"एवढ्याशा दुखण्यासाठी हात चिरून घेतं काय वो?"

"दोन वर्षं झाली, ताई."

"म्हणूनच म्हणून राहिली. मायनं माह्या गुडघा बिब्यानंच बरा केला होता. डाक्टरचं काय, त्याईले कापालेच आवडते."

तिने बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला. काळं तेल सुटलं तसं कोपरावर दुखऱ्या जागी टिपके दिले. तिने जबरदस्ती केली नाही. हात मीच पुढे केला. मला चिरण्याची भीती वाटत होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. तिच्याइतकाच मला माझाही राग येतो.

दुसऱ्या दिवशी कोपर लाल झालं. तिसऱ्या दिवशी फोड आले, त्यातून पाणी गळू लागलं, सूज मनगटापर्यंत उतरली. बिबा उतला होता. बहीण म्हणाली, "उतला म्हणजे लागू पडला. आतलं खराब बाहेर निघून राहिलं."

तारखेला नागपूरच्या डॉक्टरने हाताला गुंडाळलेलं फडकं सोडलं. जिथे चीर द्यायची नेमके तिथेच फोड होते.

"तीन दिवस थांबता आलं नाही? या कातडीवर चाकू लावला तर आत पू होईल."

भोवती शिकाऊ पोरं उभी होती. त्यातलं एक "देहाती" म्हणालं. माझा हात त्यांच्या टेबलावर होता, म्हणून ऐकून घेतलं. नवी तारीख ऑगस्टची मिळाली.

जुलैत अधीक्षिका बाईंकडे सुट्टी मागितली.

"ऑगस्टात मी साठ पोरींना काय खाऊ घालू? उन्हाळ्यात का नाही करून घेतलं?"

"बिबा उतला, मॅडम."

"मग चूक तुमची."

"चूक माझी. पण हात तुमच्या परातीत गेला."

"गेलात तर मला दुसरी बाई घ्यावी लागेल."

"घ्या," मी म्हटलं आणि गेले. घरी नवरा दोन दिवस बोलला नाही. न बोलल्याने माझं काही अडलं नाही.

ऑपरेशनला हात खांद्यापासून बधिर केला होता, मी जागी होते. पडद्याआड डॉक्टर कुणाच्या तरी बदलीच्या गप्पा मारत होते. पंधरा दिवस प्लास्टर होतं. ते काढल्यावर ओल्या कपड्याचा गोळा दाबायचा, रोज थोडा जास्त. बहीण पुन्हा येऊन राहिली होती; तिने माझी वेणी घातली, मला घास भरवले. मी कामापुरतंच बोलत होते.

दिवाळीनंतर मी भरलेली बादली उचलली आणि कळ आली नाही. त्याच आठवड्यात वसतिगृहाचा शिपाई आला. नवी बाई हात दुखतो म्हणून सोडून गेली होती, मॅडमने बोलावलं होतं.

मी गेले. परात तिथेच होती.

"उद्यापासून या," मॅडम म्हणाल्या.

"येते. पण मळायला अजून एक बाई पाहिजे."

"सरकार एकच जागा देतं."

"मग सरकारलाच मळायला सांगा."

"नखरे नका करू. नोकरी परत मिळून राहिली, ते बघा."

मी पायरी उतरले. घरी दिवाळीला आलेली बहीण वाट पाहत होती. ऐकून तिने कपाळावर हात मारला. "बाप्पा! चालून आलेली नोकरी लाथाडली? थोडं थोडं मळलं असतं. दुखलंच असतं तर बि…"

"ताई," मी म्हटलं, "पुढचं बोलू नको."

पुढच्या सोमवारी मी संत्र्याच्या वखारीत फळं निवडायला लागले. तिथे बसून काम होतं, वजन उचलायला माणसं होती. वसतिगृहात नंतर दोन बाया ठेवल्या असं ऐकलं. आधी ठेवल्या असत्या तर माझ्या हातावर चीर पडली नसती.